वावडिंग, ओवा आणि खराटा

(संत गाडगेबाबांच्या पुण्यतिथीनिमित्त नागपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पत्रिकेवरचा विषय वाचून काही स्नेह्यांनी फोन केले. पुण्यतिथी गाडगेबाबांची आणि तुम्ही बोलणार पोटातल्या जंतांवर? मी म्हटलं, बाबा समोर बसलेले असते तर मला हा विषय काढायला काहीच संकोच वाटला नसता. संकोच वाटतो तो तुमचा. गावात पाऊल टाकलं की आधी खराटा हातात घ्यायचा, दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारून भंडावून सोडायचं, हा त्यांचा शिरस्ता. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावला, पेढी नदीच्या पुलावर ते गेले. लोक ज्या गोष्टीचं नाव काढायला लाजतात ती गोष्ट या माणसानं आयुष्यभर हातानं उचलली. तेव्हा आज तासभर लाज बाजूला ठेवू. जे जेवून आले आहेत त्यांची आधीच माफी मागतो.

मला सांगितलेला विषय होता ‘जंतांवरचे घरगुती, नैसर्गिक उपाय’. मी त्यावरच बोलणार आहे. ‘हे सगळं थोतांड आहे, गोळी घ्या आणि मोकळे व्हा’ असं मी म्हणेन अशी काहींची अपेक्षा असेल. ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं म्हणेन अशी काहींची असेल. दोघांचीही थोडी निराशा होईल.

माझी नोकरी प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकापुढं गेली. खेड्यातला माणूस शौचाचा नमुना आणायचा तो काडेपेटीत. त्यातला काडीच्या टोकावर मावेल एवढा कण काचपट्टीवर घ्यायचा, एकीकडं मिठाच्या पाण्याचा थेंब, दुसरीकडं आयोडिनचा, वर पातळ काच ठेवायची आणि बघायचं. गोल जंताचं अंडं एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही. पित्तानं रंगून तपकिरी झालेलं, लंबगोल, आणि बाहेरचं कवच सगळं गाठीगाठींचं. हुकवर्मचं अंडं त्याच्या अगदी उलट, नितळ, पातळ कवचाचं, आत चार किंवा आठ पेशी स्वच्छ मोजता येतात. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. म्हणून तर एवढ्याशा कणातही ती सापडतात.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं बोलणं तिच्यावर उभं आहे. हे अंडं ताजं असताना कुणी गिळलं तरी काही होत नाही. त्याला आधी मातीत जावं लागतं. ऊब, ओल आणि हवा मिळाली तर दोन-तीन आठवड्यांनी आतली अळी तयार होते, आणि मग ते अंडं कुणाच्या तरी तोंडात जाण्याची वाट बघत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पडून राहतं. हुकवर्मचं अंडं मातीतच फुटतं आणि अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. जंताचं अर्धं आयुष्य तुमच्या पोटात जातं, तर उरलेलं अर्धं तुमच्या अंगणात. घरगुती औषध म्हणून आपण जे काही घेतो ते सगळं पोटातल्या अर्ध्यासाठी असतं.

आधी त्या पोटातल्या अर्ध्याबद्दल बोलू.

आपल्याकडं जंतांच्या औषधाची सुरुवात पाळण्यातच होते. बाळगुटीच्या पुडीत हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हिरडा यांच्या जोडीला वावडिंग असतं. सहाणेवर दोन-चार वेढे उगाळायचे आणि बाळाला चाटवायचं. थोडं मोठं झालं की वावडिंग घालून उकळलेलं दूध. या वावडिंगाला फार जुनी प्रतिष्ठा आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, कोणत्या कामासाठी कोणतं द्रव्य सर्वांत श्रेष्ठ याची एक लांबलचक यादी आहे. तिथं कृमिनाशकांत पहिला मान विडंगाचा, म्हणजे आपल्या वावडिंगाचा.

पण बाजारातून तुम्ही जे आणता ते वावडिंगच असतं का? इतवारी बाजारात पुडी घेतलीत तर घरी येऊन एक दाणा फोडून बघा. अस्सल वावडिंगाचं फळ मिऱ्याहून लहान, तांबूस-काळं, सुरकुतलेलं असतं. खाली बारीकसा देठ असतो आणि आत एकच बी असते. फोडल्यावर आत बारीक बियांचा चुरा निघाला तर ते भलत्याच झुडपाचं फळ आहे. खरं वावडिंग जंगलातून इतकं ओरबाडलं गेलं की आता दुर्मीळ झालंय. त्याच्या जागी त्याचाच भाऊबंद किंवा पूर्णपणे परकं फळ सर्रास विकलं जातं. यात दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्यालाही ते तसंच आलेलं असतं. पण ‘आजीचं औषध’ म्हणून आपण जे देतो ते आजीच्या वेळचं द्रव्य उरलेलं नाही, एवढं ध्यानात असू द्या. शिवाय वावडिंगातल्या एम्बेलिन या घटकाचा प्राण्यांच्या प्रजननावर परिणाम होतो असं प्रयोगांत दिसलेलं आहे. दिवस गेलेल्या बाईनं ते घेऊ नये.

विदर्भाचं स्वतःचं औषध म्हणाल तर ते पळसाचं. फाल्गुनात आपली जंगलं पेटल्यासारखी दिसतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हाळ्याच्या अखेरीला त्याच झाडाखाली काय पडतं ते कमी जण बघतात. चपटी, लवदार, वाळल्यावर कागदासारखी हलकी शेंग आणि तिच्या अगदी टोकाला एकच चपटी तांबूस बी. ही पळसपापडी. भिजवून साल काढायची, वाळवून पूड करायची, मधातून द्यायची आणि वर एरंडेल, ही जुनी पद्धत. हीच बी लिंबाच्या रसात उगाळून गजकर्णाला लावतात. या बियांत खरोखरच गोल जंतावर चालणारं रसायन आहे. शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढून त्याला पळसावरूनच पॅलासोनिन असं नाव दिलं. पण हे रसायन कँथरिडिनच्या कुळातलं आहे. शेतातल्या एका जातीच्या भुंग्यानं अंगावर फोड येतात, ते ज्यामुळं येतात तेच कँथरिडिन. म्हणजे पळसपापडीनं जंत पडतो, तसा मात्रा चुकली तर माणूसही आडवा पडतो, उलट्या आणि जुलाब होऊन. निसर्गातून आलं म्हणून सौम्य असणार, असा काही करार निसर्गानं आपल्याशी केलेला नाही.

आता ओव्याकडं येऊ, कारण ओव्याची गोष्ट मला फार आवडते.

ओव्याची फक्की मारली की जंत मरतात असं घराघरांत म्हणतात. ओव्याला जो झणझणीत वास येतो तो थायमॉल या द्रव्याचा. एकोणिसाव्या शतकात आल्प्स पर्वतातून सेंट गॉटहार्डचा रेल्वे बोगदा खणला जात होता. काम १८७२ ते १८८२ असं दहा वर्षं चाललं, बोगदा १५ किलोमीटरचा. आत उकाडा, ओल आणि हजारो मजूर, शौचाची सोय नाही. मजूर पांढरेफटक पडू लागले, धाप लागून कोसळू लागले. १८८० च्या सुमारास इटलीतल्या तुरीनच्या डॉक्टरांनी शोधून काढलं की हा हुकवर्मचा प्रताप आहे. तिथल्याच बोझोलो नावाच्या डॉक्टरनं त्यावर थायमॉल वापरायला सुरुवात केली. १८९९ मध्ये पोर्तो रिको बेटावर अ‍ॅशफर्ड या लष्करी डॉक्टरनं शेतमजुरांच्या पंडुरोगामागं हुकवर्म असल्याचं ओळखलं, तिथंही थायमॉल. मग १९०९ मध्ये रॉकफेलरनं दहा लाख डॉलर देऊन अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हुकवर्मविरुद्ध मोहीम काढली, तिचंही मुख्य औषध थायमॉलच. आणि हे थायमॉल यायचं कुठून? पहिल्या महायुद्धापर्यंत त्याचा मोठा आधार होता हिंदुस्थानातून जर्मनीला जाणारा ओवा. आपल्या डब्यातला ओवा हँबुर्गमार्गे जाऊन परदेशी मजुरांच्या पोटातले जंत पाडत होता.

इथं टाळी वाजवायची इच्छा होईल, पण जरा थांबा आणि हिशोब करा. त्या मोहिमेत मोठ्या माणसाला दिवसाला तीन-चार ग्रॅम थायमॉल देत. ओव्यात तेल निघतं शेकडा दोन ते चार, आणि त्या तेलातलं साधारण निम्मं थायमॉल. लहान चमचाभर, म्हणजे दोन ग्रॅम ओव्यातून फार तर ४० मिलिग्रॅम थायमॉल मिळेल. तीन ग्रॅम हवं असेल तर पाऊणशे चमचे ओवा खावा लागेल. म्हणजे स्वयंपाकघरातल्या मात्रेत ओव्यानं पोटातला वारा सरतो, हुकवर्मला त्याचा पत्ताही लागत नाही. आणि जी मात्रा हुकवर्मला लागते ती माणसालाही बाधायची. आदल्या संध्याकाळी जुलाबाचं मीठ, सकाळी थायमॉल, पुन्हा जुलाबाचं मीठ, आणि त्या दिवशी तेल-तूप व दारू पूर्ण बंद. कारण तेलातून किंवा दारूतून थायमॉल रक्तात भिनलं तर जिवावर बेतायचं. म्हणजे आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणं कुणी त्यावर एरंडेल पाजलं असतं तर पंचाईतच होती.

किरमाणी ओव्याचंही तेच. नाव ओव्याचं, पण वनस्पती निराळी. तिच्यातून निघणारं सँटोनिन शंभरेक वर्षं जगभरच्या मुलांना गोल जंतासाठी दिलं गेलं. ते घेतलं की मुलाला सगळं जग पिवळं दिसायचं. आज त्याला कुणी हात लावत नाही. डाळिंबाच्या मुळाची साल आणि कपिला या दोन्ही पट्टकृमीवर चालत, आणि त्यांचाही त्रास ठरलेला. कारलं, लसूण, निंबाचा पाला यांच्याबद्दल घरोघर खात्रीनं सांगतात, पण माणसावरचा भक्कम पुरावा मागितला तर हात रिकामेच राहतात. भोपळ्याच्या बियांचं थोडं बरं आहे. पपईच्या बियांचं त्याहून बरं. नायजेरियात ६० मुलांवर केलेला एक छोटा प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० मुलांना वाळवलेल्या पपईच्या बिया मधातून दिल्या, ३० जणांना नुसता मध. पहिल्या गटात २३ मुलांचं शौच स्वच्छ झालं, दुसऱ्यात पाचांचं. आशा वाटावी असे आकडे आहेत. पण एकाच लहानशा प्रयोगावर गावाच्या गाव उभं करता येत नाही, आणि बियांची मात्रा, जात, पिकलेपण यांचा मेळ कुणी घालून दिलेला नाही. पपई खा, बियाही चावून बघायच्या तर बघा. पोर फिकट पडलं असेल तर मात्र तेवढ्यावर थांबू नका.

मग चरकांनी काय सांगितलं होतं? विमानस्थानाचा सातवा अध्याय वाचण्यासारखा आहे. कृमींचे वीस प्रकार सांगून झाल्यावर उपचाराच्या तीन पायऱ्या येतात. पहिली, कृमी ओढून बाहेर काढणं. दुसरी, ज्या स्थितीत ते वाढतात ती स्थिती बिघडवणं. तिसरी, ज्या कारणानं ते झाले ते कारण टाळणं. पहिल्या पायरीची तयारी मोठी चतुर आहे. आदल्या दिवशी रोग्याला दूध, गूळ, दही, तीळ, मासे, पिठूळ पदार्थ असं कृमींना आवडणारं खायला घालायचं, म्हणजे ते कोठ्यात गोळा होतात, आणि मग त्यांना झाडून काढायचं. ‘गोड खाऊ नको, जंत होतील’ हे आपल्या आयांचं वाक्य बहुधा इथूनच झिरपत आलेलं आहे. औषधांत तांबड्या साळीच्या पिठाच्या, निखाऱ्यावर भाजलेल्या आणि विडंगाचं तेल लावलेल्या पोळ्या आहेत. घोड्याची लीद उन्हात वाळवून, पूड करून, विडंगाच्या काढ्याची भावना देऊन मधातून चाटवायची, असाही एक पाठ आहे. ‘प्राचीन ते सगळं जसंच्या तसं’ म्हणणाऱ्यांनी तोही प्रयोग करायला हरकत नाही, घोडाही मिळेल.

विनोद सोडून देऊ. त्या अध्यायातली तिसरी पायरी आपण दोन हजार वर्षं वाचत आलो आणि पहिल्या पायरीवरच बसून राहिलो. वैद्य काय, डॉक्टर काय आणि आजीबाई काय, सगळ्यांनी पाडण्याची औषधं शोधली. कारणाकडं वळायला खराटेवाला बाबा यावा लागला.

थोडं लक्षणांबद्दल. दवाखान्यात आई येते आणि सांगते, ‘डॉक्टरसाहेब, पोट्टं रातभर दात खाते, जंतच असतीन.’ दात खाण्याचा आणि जंतांचा पक्का संबंध सापडलेला नाही. गोडानंही जंत होत नाहीत. अंडं पोटात गेल्याशिवाय जंत होत नाही. पण रात्री बुडाला खाज सुटून मूल झोपेत चुळबुळ करत असेल तर बारीक सुती कृमींची शंका घ्यावी. त्याची तपासणी घरीच होते आणि ती कुठल्याही काढ्याहून मोलाची आहे. सकाळी उठल्याबरोबर, शी आणि आंघोळीच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टीचा तुकडा गुदाच्या कडेला दाबायचा आणि काचेवर चिकटवून प्रयोगशाळेत द्यायचा. मादी रात्री बाहेर येऊन तिथंच अंडी घालते, म्हणून नेहमीच्या शौचतपासणीत ती हुकते. या एका कृमीला मातीची गरज नाही. अंडी काही तासांत तयार होतात आणि खाजवणाऱ्या नखांतून परत तोंडात जातात. घरातल्या एकाला झाली तर सगळ्यांनी एकाच दिवशी औषध घ्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायचं, नखं कापायची आणि चादरी गरम पाण्यात धुवायच्या. यातलं काहीही चुकलं की सगळं पहिल्यापासून.

दोन ठिकाणी घरगुती उपायाला सक्त मनाई. मुलाचं पोट फुगलंय, हिरवी उलटी होतेय, शी आणि वारा दोन्ही बंद, अशा वेळी एरंडेल पाजू नका. गोल जंतांचा गुंता आतड्यात अडकलेला असू शकतो आणि वरून जुलाब म्हणजे बंद दारावर धक्के. थेट मोठ्या रुग्णालयात, मेडिकलला किंवा मेयोला, न्या. दुसरं म्हणजे शौचातून चपट्या, पांढऱ्या, फितीच्या तुकड्यांसारखं काही पडलं तर तो पट्टकृमी. डुकराच्या मांसातून येणाऱ्या पट्टकृमीची अंडी पोटात गेली तर अळ्या मेंदूत जाऊन बसतात आणि माणसाला झटके येतात. ‘आम्ही माळकरी, आम्हाला काय होणार’ असं समजू नका. ती अंडी दुसऱ्याच्या शौचातून भाजीवर येतात. झटके येणाऱ्या शाकाहारी माणसाच्या मेंदूत अशा गाठी सापडणं ही डॉक्टरांना नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अशा माणसानं जंताची गोळीसुद्धा डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि आता ती गोळी. अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. तिच्यामुळं जंताला ग्लुकोज शोषता येत नाही आणि तो उपाशी मरतो. एका गोळीत गोल जंत शंभरातल्या सुमारे ९५ जणांचा जातो, हुकवर्म ८० जणांचा. चाबूककृमी मात्र जेमतेम ३० जणांचाच. म्हणजे गोळीही सर्वशक्तिमान नाही. पण पाऊणशे चमचे ओव्याचं काम ती चघळून होतं, आणि मात्रा पुडीपुडीला बदलत नाही. २०१५ पासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि महाराष्ट्र पहिल्या वर्षापासून त्यात आहे. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या दिवशी एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत ही गोळी फुकट मिळते, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. आजारी असलेल्या मुलाला त्या दिवशी देत नाहीत. गोळीनंतर थोडी मळमळ, पोटदुखी होऊ शकते, आणि पोटात जंत जास्त असतील तर ती जास्त होते. या दुखण्याला घाबरून पालक पुढच्या वेळी मुलाला घरी ठेवतात. ज्याला गरज सगळ्यात जास्त तेच मूल मग वगळलं जातं.

गोळी एवढी चांगली आहे तर वर्षातून दोनदा का द्यावी लागते? कारण जंत परत येतात. कुठून येतात ते आपल्या आसपास बघू.

नागपूरकराचं सांबारावाचून, म्हणजे कोथिंबिरीवाचून, चालत नाही. भाजीवर, पोह्यांवर, तर्रीवर तो कच्चाच पडतो, आणि हिवाळ्यात तर सांबारवडीचे घाणेच निघतात. वडी तळली जाते म्हणून तिची चिंता नाही. चिंता आहे ती वरून भुरभुरवलेल्या कच्च्या जुडीची. आपल्या शहराचं सांडपाणी नाग नदी पोटात घेऊन कन्हानकडं जाते आणि वाटेत त्याच पाण्यावर भाजी पिकते. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा सिंचनाच्या पाण्यात लिटरमागं एकापेक्षा जास्त कृमीचं अंडं नको अशी मर्यादा घातली आहे. गोल जंताचं अंडं चिकट असतं. मिठाच्या पाण्यात किंवा ब्लीचिंग पावडरीच्या पाण्यात जुडी बुडवून ठेवली तर आपल्याला समाधान मिळतं, अंडं तसंच राहतं. काड्या सुट्या करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, आणि पावसाळ्यात शक्यतो शिजवून खा. याच शहरात १९५८ पासून देशाची सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था आहे, जिला आपण आज नीरी म्हणून ओळखतो. सांडपाण्याचं शास्त्र शिकायला लोक देशभरातून नागपुरात येतात. आपण त्याच गावात राहून जुडी कशात धुतो ते घरी जाऊन बघावं.

दुसरं ठिकाण म्हणजे भंडारा-गोंदियाकडची धानाची रोवणी. बाया दिवसदिवस बांदीत अनवाणी. चार दिवसांनी तळव्याला खाज आणि बारीक पुरळ. ‘चिखल्या झाल्या’ म्हणून सोडून दिलं जातं. त्यात काही वेळा हुकवर्मच्या अळ्या आत गेल्याची खूण असते. भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीपेक्षा भुसभुशीत, सावलीतली, ओलसर माती त्यांना जास्त मानवते, आणि नेमकी तीच जागा माणसालाही आडोसा म्हणून बरी वाटते. हुकवर्म आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितो. बाई आधीच अर्धपोटी, त्यात बाळंतपणं, त्यात हा. मग रक्तवाढीच्या गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही आणि दोष गोळ्यांना जातो.

नागपूरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर सेवाग्राम आहे. स्वच्छतेचा गांधीजींएवढा आग्रह धरणारा पुढारी दुसरा नाही. आगाखान पॅलेसच्या कैदेत १९४२ मध्ये त्यांनी आरोग्यावर पुस्तक लिहिलं, निसर्गोपचारावर त्यांची श्रद्धा अढळ. मे १९४४ मध्ये सुटका झाली तेव्हा मलेरियानं खंगलेले होते, आणि पुढच्या तपासण्यांत पोटात हुकवर्म आणि अमीबा दोन्ही सापडले. मी हे त्यांना खिजवायला सांगत नाही. एकट्या माणसाच्या काटेकोरपणानं जंत थांबत नाही, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आपलं आपण कितीही जपलं तरी शेजाऱ्याची घाण मातीतून आपल्याकडं येतेच. हे विनोबांना पुरतं उमगलं होतं. स्वातंत्र्याच्या आगेमागे ते पवनारहून रोज खांद्यावर फावडं टाकून सुरगावला चालत जात आणि गावकऱ्यांनी रस्त्याकडेला केलेली घाण उचलून मातीआड करत. भगवद्गीतेवर प्रवचनं देणारा माणूस, पण हे काम त्यानं कुणावर सोपवलं नाही. त्यांच्याआधी कितीतरी वर्षं गाडगेबाबा हेच करत होते.

या सगळ्यानं खरंच काही होतं का, असं विचारणाऱ्यांसाठी नारूचं उदाहरण आहे. नारू आतड्यातला नव्हे, पायातून बाहेर पडणारा कृमी. माझ्या वयाच्या लोकांनी तो पाहिला असेल. काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा ओढत काढायचा. महाराष्ट्रातल्या पायविहिरींच्या गावांना त्याचा शाप होता. त्याच्यावरही घरगुती उपाय होते, लेप होते, मंत्र होते. आधुनिक वैद्यकाकडंही त्याच्यावर औषध नव्हतं, आजही नाही. १९८० च्या दशकात सरकारनं मोहीम काढली. पाणी दुहेरी कापडानं गाळून प्या, पायऱ्यांची विहीर बंद करून हातपंप बसवा, पायाला जखम असलेल्यानं पाण्यात उतरू नये. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं जाहीर केलं. एकही गोळी न देता एक कृमी देशातून गेला. कापडानं पाणी गाळणं, याहून घरगुती उपाय कोणता असतो?

म्हणून मला घरगुती उपायांची टिंगल करवत नाही. फक्त त्यांची यादी माझ्या लेखी वेगळी आहे. शौचालय आहे ते रोज वापरणं, त्यात पाणी असणं. शीहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणानं हात धुणं, माती किंवा राखेनं नव्हे. दर आठवड्याला मुलांची नखं. रोवणीला, संत्र्याच्या बागेत आणि परसात पायात काहीतरी. लहान मुलाची शी ‘लेकराची काय घाण’ म्हणून अंगणात न टाकणं, कारण अंडी तिच्यातच जास्त असतात. वावडिंगाचं दूध द्यायचं तर द्या, पण दाणा फोडून बघून द्या.

पुढच्या जंतनाशक दिनाला शाळेत गोळी मिळेल. घरातल्या मुलांना त्या दिवशी शाळेत पाठवा. घरी कामाला येणाऱ्या बाईंनाही त्यांची मुलं पाठवायला सांगा, आणि त्यांच्या वस्तीतलं सार्वजनिक शौचालय सुरू आहे का, त्याला पाणी आहे का, हे विचारा. नसेल तर त्यांच्याबरोबर महापालिकेच्या झोन कार्यालयात जा आणि लेखी तक्रार द्या.